शून्यबाई

१

त्या प्रयोगशाळेचा दिवस एका बाटलीने उघडत असे, आणि ती बाटली बाईंची असे.

सकाळी घरून निघताना बाई ती कापडी पिशवीच्या निराळ्या कप्प्यात, जेवणाच्या डब्याला स्पर्श होणार नाही अशा बेताने, उभी ठेवून आणीत. आम्लाने धुतलेली, घट्ट झाकणाची पांढरी बाटली, आणि आत त्यांचे स्वतःचे सकाळचे पहिले मूत्र. यात संकोच करण्यासारखे काही आहे असे त्यांना नोकरीच्या आरंभी वाटले होते. पण जेथे सारा व्यवहारच लघवीचा, तेथे लाज किती दिवस पुरणार?

प्रयोगशाळा होती तांबे गाळण्याच्या एका मोठ्या कारखान्याच्या पायथ्याशी वसलेल्या वस्तीसाठी. खनिजातून तांब्याबरोबर आर्सेनिकही निघते. जुनी माणसे ज्याला सोमल म्हणत, तेच हे विष. ते धुराबरोबर छपरांवर बसते, विहिरींत उतरते, माणसांच्या पोटात जाते, आणि दोन-तीन दिवसांत बरेचसे मूत्रावाटे बाहेर पडते. म्हणून वस्तीतील माणसे ठरलेल्या वारी येऊन खिडकीतून आपापली बाटली आत देत, आणि आतले यंत्र कोणाच्या अंगात किती विष चालले आहे ते सांगे.

आता मोजायचे म्हटले की शून्य कोठे आहे ते आधी ठरवावे लागते. शुद्ध पाण्याला शून्य धरून भागत नाही, कारण मूत्रातील क्षार यंत्राला चकवतात. मूत्र तोलायला मूत्रच लागते. यासाठी एखाद्या निर्विष माणसाचे मूत्र घेऊन त्यालाच शून्य मानण्याची रीत आहे, आणि त्याला कोरा नमुना म्हणतात. प्रयोगशाळा उघडली तेव्हा तिच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, झाडून साऱ्या नोकरांची तपासणी केली होती. सर्वांत निर्मळ निघाल्या बाई. त्या कारखान्यापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहत. आणि ज्या मासळीतल्या निरुपद्रवी आर्सेनिकाने भलेभले आकडे बिघडतात, ती मासळी त्यांना लहानपणापासून सोसत नसे. त्या दिवसापासून प्रयोगशाळेचे शून्य म्हणजे बाई, आणि साहेबांनी हौसेने ठेवलेले त्यांचे नाव म्हणजे शून्यबाई.

"बाई, ही संस्था वीज-पाण्यावर चालते असं लोकांना वाटतं," साहेब म्हणत. "खरी चालते ती तुमच्या लघवीवर."

"म्हणून तर मी पाणी भरपूर पिते, साहेब. तुमचं दुकान चाललं पाहिजे ना!"

बाईंना त्या नावाचा मनातून अभिमान होता. खिडकीशी येणाऱ्यांत एक घोगऱ्या आवाजाचा म्हातारा होता. उभा जन्म भट्टीपुढे गेलेला, वस्तीच्या वतीने बोलणारा. त्याने एकदा विचारले होते, "आमचं मोजता ते कशाच्या मानानं, बाई?" तेव्हा बाईंनी, थोड्या तोऱ्यातच, सांगितले होते, "माझ्या मानानं. मोजायचं तर कुठंतरी एक कोरं माणूस असावं लागतं, आजोबा."

म्हातारा मान हलवून म्हणाला होता, "असावंच लागतं."

पुढे एका सकाळी, भट्टीवरच्या एका गड्याचा नमुना यंत्रात चालला असताना, पडद्यावरची रेघ वर जाण्याऐवजी खाली गेली. शून्याच्या खाली.

"साहेब, हे बघा. हा माणूस शून्यापेक्षा कमी आहे."

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे जवळचं होतं नव्हतं ते देऊन टाकलं, आणि वर उसनं आणूनही दिलं?" ते हसले. "कुणाला दिलं म्हणे एवढं?"

२

यंत्र पुसले, नळ्या बदलल्या, नमुना पुन्हा चालवला. रेघ पुन्हा खालीच. छापील अहवालात मात्र यातले काही उतरत नसे. शून्याखाली काही गेले की यंत्र आपले शहाण्यासारखे 'आढळले नाही' एवढेच छापी.

त्या पावसाळ्यात वस्तीतील एकेका घराचे आकडे उतरत गेले, आणि 'आढळले नाही' हे दोन शब्द पानोपानी दिसू लागले. कारखान्याच्या डॉक्टरांनी श्रेय धुराड्याच्या नव्या जाळीला दिले. साहेबांनी कोणाला न दिल्यासारखे करून थोडे स्वतःकडे ठेवले. आणि माणसे खरोखर सुधारत होती, हे बाई खिडकीतून पाहत होत्या. सोमलाने ज्यांच्या कातडीवर धुळीत पावसाचे थेंब पडावेत तसे ठिपके उठले होते, त्यांची कातडी उजळली. खोकणारे खोकेनासे झाले. म्हाताऱ्याने एके दिवशी बाटली आत देताना हात उताणा ठेवला, तेव्हा बाई चमकल्या. त्या तळव्यावर मक्याच्या दाण्यांसारखे कठीण कोंब होते. ते जन्मात जात नाहीत, असे बाई कित्येकांना सांगत आल्या होत्या. आता तळवा तान्ह्या मुलाच्या तळव्यासारखा मऊ, गुलाबी होता.

"आजोबा, कसलं औषध घेतलंत?"

"औषध कसलं? तुमची कृपा." म्हाताऱ्याने खिडकीतून डोके थोडे आत आणले. "तुम्ही जेवता ना वेळेवर? पाणी पिता ना नीट?"

"अहो, हे मी तुम्हाला विचारायचं!"

"आमचं आता बरंय, बाई. तुम्ही स्वतःला जपा. आणि रजा-बिजा घेऊ नका हं."

बोलणे आपुलकीचे होते. तरी खिडकी लावून घेताना बाईंचा हात जरा घाईने चालला.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बाहेरच्या खोलीत बसायला एक लांब बाक होता, रस्त्याकडे तोंड केलेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर टीका करीत वेळ जावा अशा सोयीचा. तो बाक कोणीतरी फिरवला होता. माणसे आता रस्त्याकडे पाठ करून, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून बसत, आणि बोलत नसत. चेष्टा-मस्करीने गजबजणारी ती खोली इतकी शांत असे की आतल्या यंत्राचा छोटा पंप टक्, टक् करतो ते बाहेर ऐकू जावे.

उन्हे लागतात डोळ्यांवर, म्हणून फिरवला असेल, असे बाईंनी ठरवले. मग शीतकपाटातून बाटली काढायला त्या वळल्या, आणि कपाट त्याच भिंतीला टेकून आहे हे इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या मनात भरले. पलीकडे बाक, मध्ये भिंत, अलीकडे कपाट, आणि कपाटाच्या वरच्या फळीवर त्यांची बाटली.

टेबलावरचा पेला उचलून त्या पाणी प्यायल्या. एक घोट घेतला, आणि भिंतीपलीकडून आवाज आला. घट्. फार मोठा नव्हता. पुष्कळशा गळ्यांनी एकदम गिळावे तसा होता.

३

बाईंच्या घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. ताईने सारा जन्म कपडे शिवण्यात घालवला होता. पायाने चालवायचे तिचे शिवणयंत्र रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशी असे, आणि त्याची घरघर कोपऱ्यावरून वळतानाच कानी पडे. ती ऐकली की बाईंना घर आल्यासारखे वाटे. खिडकीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे एक बसका कट्टा. ताईचे हात कापडावर, डोळे रस्त्यावर आणि जीभ धाकट्या बहिणीवर, असा तिचा दिवसभराचा कारभार.

"पायाला सारख्या मुंग्या येतात गं," बाई म्हणाल्या.

"दिवसभर त्या यंत्रापुढं खांबासारखी उभी राहतेस. पाय काय टाळ्या वाजवतील?"

"आणि चहात काय घातलंस? पितळेची चव लागतेय."

"पितळच घातलंय. तुझ्यासाठी मुद्दाम किसून." ताईने सुईत दोरा ओवला, आणि मग चष्म्यावरून बहिणीकडे निरखून पाहिले. "तोंड बघ आरशात. सुकून बोंबील झालीस. आणि आपल्या घरात तर बोंबीलही चालत नाही!"

बाई हसल्या. पेला ठेवताना त्यांची नजर आपल्याच नखांवर गेली. प्रत्येक नखावर एक पांढरी आडवी रेघ होती. दहाही नखांवर, एकाच उंचीवर, दोरी धरून आखावी तशी.

अशा रेघा त्यांनी शेकडो हातांवर पाहिल्या होत्या. अशी नखे दिसली की त्या खिडकीतून तो हात हातात घेत आणि हळू आवाजात विचारीत, "कधीपासून?"

"काय बघतेस एवढं?" ताई म्हणाली.

"काही नाही." बाईंनी हात पदराखाली घेतला.

४

त्या रात्री झोपण्यापूर्वी बाईंनी बुद्धीला साक्ष ठेवून विचार केला. वय झाले. रक्त कमी असेल. नखे साबणाने बिघडतात. यातले प्रत्येक कारण एकटे घेतले तर उभे राहत होते, पण सगळी एकत्र केली की डळमळत होती. आणि पहाटे त्यांना एक गोष्ट सुचली. ती इतकी साधी होती की अंथरुणावर उठून बसून त्यांनी कपाळावर हात मारला. इतकी वर्षे त्यांच्या मूत्राने सगळ्यांना मोजले. त्यांचे मूत्र मात्र त्या पहिल्या दिवसानंतर कोणी मोजलेच नव्हते. जे शून्यच आहे त्यात मोजायचे काय? तराजूने साऱ्या गावाला तोलावे आणि तराजूला कोणी तोलू नये, तसे झाले होते.

म्हणजे उलगडा होता. भयंकर होता, पण होता. त्यांच्याच शरीरात कोठून तरी विष येत असेल, तर शून्यच वर चढले. शून्य वर चढले की बाकीचे सारे आपोआप खाली दिसणार. वस्ती सुधारली नव्हतीच, ती पूर्वीइतकीच विषारी होती. आपण मात्र तिला निरोगीपणाचे दाखले वाटत बसलो! बाईंना स्वतःच्या जिवापेक्षा त्या दाखल्यांची लाज अधिक वाटली. म्हाताऱ्याचा मऊ तळवा या हिशेबात बसत नव्हता; तो त्यांनी तूर्त बाजूला ठेवला.

दुपारी साहेब जेवायला गेले असताना त्यांनी यंत्र रिकामे केले. क्षारांचा चकवा बाजूला ठेवून, ढोबळ का होईना पण उत्तर हवे म्हणून, शुद्ध पाण्याला शून्य धरले आणि आपली बाटली लावली. पंप टक्, टक् करीत राहिला. रेघ उठली. चढत गेली. पडद्याच्या माथ्याला जाऊन टेकली, तेव्हा बाईंनी माप बदलून पडदा मोठा केला. रेघ त्यातही माथ्याला गेली. भट्टीवर जन्म काढलेल्या माणसाच्या नमुन्यातही असा आकडा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

त्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. हे अपेक्षितच होते, असे स्वतःला सांगितले. मग वस्तीचे नमुने लावले. आता यांचे खरे आकडे दिसतील, आणि निदान त्यांना तरी वेळीच सावध करता येईल.

रेघ हललीच नाही.

दुसरा नमुना. तिसरा. बायकांचे, गड्यांचे, पोरांचे. पडद्यावर एक सपाट, मुकी रेघ. बाईंनी मध्येच पुन्हा शुद्ध पाणी लावून पाहिले. दोहोंत काडीचा फरक नव्हता. यंत्र बिघडले असे म्हणावे, तर त्यांच्या स्वतःच्या बाटलीला ते पुन्हा उसळून उठत होते. उभ्या पृथ्वीवर असा माणूस नाही की ज्याच्या मूत्रात सोमलाचा लवलेश नसेल. मातीतून, धान्यातून, पाण्यातून कणभर तरी येतेच. जिवंत शरीराला ते चुकत नाही. या माणसांच्या अंगात तेवढेही नव्हते.

होते ते सारे कोठे गेले होते, हे पडद्यावर दिसतच होते.

बाहेर बाकावर कोणीतरी हलकेच बसल्याचा आवाज झाला. मग आणखी कोणीतरी. आज नमुने घेण्याचा वार नव्हता.

५

साहेबांनी ऐकून घेतले. प्रथम हसले, मग हसू आवरले, मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात बोलले. "बाई, शास्त्र सोडू नका. आर्सेनिक हवेतून उडी मारून माणसात शिरत नाही. तोंडावाटे जातं. घरात काहीतरी आहे. शोधा."

हे बोलणे बाईंच्याच मनातले होते. त्यांनी घर पिंजून काढले. पाणी, पीठ, मीठ, चहा, साबण, दातांची भुकटी, भिंतीचा रंग, सगळे प्रयोगशाळेत नेऊन तपासले. सगळे स्वच्छ. शेवटी एकच कसोटी उरली. त्याच घरात, त्याच चुलीवरचे खाणारा दुसरा माणूस.

"आता माझी लघवी?" ताई ओरडली. "या घरात काही खाजगी ठेवायचंय की नाही?"

"एकदाच दे, ताई. मला फार गरज आहे."

ताईने बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि पुढची चेष्टा गिळून टाकली. "आण ती बाटली," एवढेच म्हणाली.

ताईचा नमुना निघाला चारचौघांसारखा, लवलेशापुरता. इतका निर्मळ की साहेबांनी शीळ घातली. "वा! खाण एकच दिसते तुमची. तुम्हीही पहिल्या दिवशी अशाच होतात." मग त्यांनी बाईंच्या नखांकडे पाहिले आणि सरळ रजेचा कागद पुढे केला. शून्याचा घोळ मिटेपर्यंत वस्तीचे काम बंद. विश्रांती घ्या, डॉक्टर सांगतील ती औषधे घ्या.

बाई घरी बसल्या. त्यांची बाटली प्रयोगशाळेत जाईनाशी झाली, आणि थोड्याच दिवसांत चहाला चहाची चव आली. मुंग्या ओसरल्या. औषधांचा गुण, असे बाई म्हणाल्या. तो निराळ्या कशाचा आहे असे म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती.

एका दुपारी ताई कापड आणायला गेली होती, आणि समोरच्या कट्ट्यावर तो म्हातारा येऊन बसला. घराचा पत्ता त्याला कोणी दिला असेल ते बाईंना कळेना. त्यांनी खिडकी उघडली.

"बाई, तुम्ही बाटली पाठवली नाहीत."

"मी आजारी आहे, आजोबा. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे?" त्याने हात उताणा केला. रस्त्याच्या पलीकडूनही दिसले, तळव्यावर कोंब पुन्हा उठले होते, ताजे, पिवळसर. "पोरं ओकायला लागलीत. माझी नात काल उभी राहीना. पाय बधिर झालेत."

"मी काय करू त्याला? मी वैद्य नाही."

"तुम्हीच म्हणाला होतात, बाई." त्याच्या आवाजात दटावणी नव्हती, रडही नव्हती. ठरलेल्या गोष्टीची आठवण द्यावी तसे तो बोलत होता. "कुठंतरी एक कोरं माणूस असावं लागतं. ते तुम्हीच असायला पाहिजे असं आमचं म्हणणं नाही."

६

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. वस्तीत माणसे आजारी पडत होती. नव्या तपासणीचे आकडे हाती आल्याखेरीज कारखान्याचे डॉक्टर बाहेरून पाणी पुरवायला तयार नव्हते. विकतचा कोरा नमुना मागवला होता, पण तो यायला अवकाश होता.

"कुठलं तरी शून्य धरायला लागेल," साहेब म्हणाले. "ताईंची बाटली आहेच कपाटात. उत्तम नमुना आहे. त्या रोज एक देतील का? की तुमचीच धरू? पण बाई, तुमची आता कशी धरणार?"

शेजारच्या खोलीत शिवणयंत्र घरघरत होते. अनेक वर्षे त्या घरात ताईच्या पायांवर संसार चालला होता. धाकटीचे शिक्षण, धाकटीची पुस्तके, धाकटीची ही नोकरी, सारे त्या घरघरीतून आले होते.

'माझीच धरा' असे म्हणता आले असते. ते शब्द तोंडाशी आले, आणि त्याबरोबर ती पितळेची चव आठवली, जिना चढताना बसणाऱ्या सुया आठवल्या, माथ्याला टेकलेली ती रेघ आठवली. मग बाईंची बुद्धी, जी आजवर इमानाने त्यांच्या पाठीशी उभी राहिली होती, पुढे होऊन बोलू लागली. शून्य म्हणजे केवळ एक अंक. कोणाची बाटली कोणत्या फळीवर ठेवली याने कोणाच्या देहात काही शिरत नाही. शिकलेल्या बाईने असे भलतेसलते मानावे काय? ताईची बाटली देऊ नये असे म्हणणे म्हणजे म्हाताऱ्याचे म्हणणे खरे मानणे होय. आणि ते आपण मानत नाही.

"बाई? ऐकताय ना?"

"धरा," बाई म्हणाल्या. "ताईची धरा."

यंत्राची घरघर थांबली. "काय धरा म्हणालीस गं?" ताईने विचारले.

बाईंनी सांगितले; सगळे नाही, रोज एक बाटली लागेल एवढेच. ताई हसून हसून बेजार झाली. "घ्या! म्हातारपणी ही किंमत आली! तुझं शून्यपद मी बळकावलं म्हणायचं. आता मला शून्यबाई म्हण, आणि जरा अदबीनं म्हण." दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन पाण्याचा मोठा पेला खिडकीशी आणून ठेवला. काम मन लावून करायचे, ही तिची जन्माची खोड होती.

ती बाटली बाईंनी कापडी पिशवीच्या निराळ्या कप्प्यात उभी ठेवून नेली.

७

वस्ती पुन्हा सुधारली. म्हाताऱ्याची नात चालू लागली. नव्या शून्याने काढलेले अहवाल पाहून डॉक्टरांनी पाण्याचा विषयच काढला नाही, आणि विकतचा कोरा नमुना आला तेव्हा साहेबांनी तो कपाटात मागे सारून ठेवला. घरचा इतका चांगला मिळत असता विकतचा कशाला फोडायचा, असे ते म्हणाले. बाईंनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही.

त्यांची नखे वाढत गेली तशी पांढरी रेघ टोकाकडे सरकली, आणि एके दिवशी कात्रीखाली निघून गेली. त्यांना कडकडून भूक लागू लागली. आपले सुधारणे बाई उजेडात फारसे निरखून पाहत नसत. ताईची नखे तर त्या मुळीच पाहत नसत.

मग एका सकाळी बाहेरच्या खोलीत शिरताना त्यांना बाक पूर्वीसारखा रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला दिसला. बाकावर कोणीच नव्हते. वार नमुन्यांचा होता. बाटल्या खिडकीच्या फळीवर ओळीने मांडलेल्या होत्या, पण बसायला मात्र कोणी थांबले नव्हते. बाईंना क्षणभर बरे वाटले. मग दिवसभर एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात पंपासारखा टक्, टक् करीत राहिला. इथे बसत नाहीत, तर बसतात कुठे?

त्या दिवशी साहेबांना काही न सांगता त्या लवकर निघाल्या. ऊन अजून छपरांवर होते. कोपऱ्यावरून वळताच घरघर ऐकू आली, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मग लक्षात आले की ती सलग नाही. थोडी चालते, थांबते. पुन्हा चालते.

समोरच्या कट्ट्यावर वस्ती बसली होती.

गडी होते, बायका होत्या, आईच्या मांडीवर पोरे होती. सगळी खांद्याला खांदा लावून, हात मांडीवर उताणे ठेवून, तोंड खिडकीकडे करून. तळवे सगळे मऊ आणि गुलाबी. रस्त्याने एक गाडी गेली, तरी कोणाची मान वळली नाही. बाई जवळ आल्या तेव्हा त्यांच्याकडेही कोणी पाहिले नाही. इतके महिने जी माणसे त्यांचे जेवणखाण विचारीत, त्यांना त्या आता दिसतही नव्हत्या.

म्हाताऱ्याने तेवढे अंग चोरले. "सरका रे थोडे. बाईंना जागा करा."

"तुम्ही इथं कशाला आलात?" बाईंचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"जपायला लागतं ना," तो खिडकीवरची नजर न काढता म्हणाला. "बसा. दमला असाल."

"उठा इथून. मी उद्या बाटली बदलणार आहे. माझीच ठेवणार आहे."

"ठेवा की," म्हातारा समजूतदारपणे म्हणाला. "उद्याचं उद्या."

समोर घरघर थांबली. खिडकीत ताईचा चेहरा वर आला, आणि बाईंनी पुष्कळ दिवसांनी तो नीट पाहिला. कातडीवर ठिपके होते, धुळीत पावसाचे थेंब पडावेत तसे.

"धाकटी का गं ती?" ताईने डोळ्यांवर हात धरला. कट्ट्यावर आणखी कोणी आहे असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले नाही. "तिथं काय करतेस एकटी? आत ये. या मेल्या पायांना मुंग्या आल्यात, यंत्र चालवू देत नाहीत. आणि सकाळपासून चहाला काय लागतंय कोण जाणे. पितळ किसलंस का तू, माझा सूड म्हणून?"

ती आपल्याच विनोदावर हसली. जुनेच हसू, फक्त जरा धाप लागलेले.

"आले, ताई," बाई म्हणाल्या.

रस्ता दहा पावलांचाही नव्हता. त्यांनी पाऊल उचलले. पाय किती हलके होते! कोठे सुई नाही, बधिरपणा नाही. ते हलकेपण कोठून आले आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते, आणि उद्या ते परत करायचे आहे हेही ठाऊक होते. उद्या. नक्की. एवढा दम खाऊन घ्यावा आणि जावे. म्हाताऱ्याने केलेल्या जागेवर त्या टेकल्या. दगड ऊबदार होता, आताच कोणी तेथून उठून गेल्यासारखा.

खिडकीत ताईने पाण्याचा मोठा पेला दोन्ही हातांनी उचलला, आणि काम मन लावून करणाऱ्या माणसासारखा एक मोठा घोट घेतला.

कट्ट्यावरच्या साऱ्या गळ्यांची हाडे एकदम वर गेली आणि खाली आली. घट्.

आवाज दोन्ही बाजूंनी आला, हे बाईंना कळले. मग हेही कळले की मधला त्यांचा स्वतःचा होता.